सुटी तिकिटं जोडण्याआधी

काकांनी दोन छापील कागद माझ्या विमान-तिकिटांच्या काउंटरवर ठेवले. "ताई, फक्त एकदा नजर टाका. बरोबर जुळलंय ना?" मुलगी जर्मनीत, पहिलं बाळंतपण. काकू अडीच महिने राहणार, काका सोबतीला. एका कागदावर नागपूर–मुंबई, १२ तारीख, १९:१५. दुसऱ्यावर मुंबई–फ्रँकफर्ट, १२ तारीख, ०२:४५.

जुळलं नव्हतं. ०२:४५ म्हणजे बारा तारखेची पहाट. काका-काकू नागपुरात विमानात बसणार त्याच्या साडेसोळा तास आधीच त्यांचं फ्रँकफर्टचं विमान मुंबईहून उडून गेलेलं असतं. आपल्याकडे झोपून उठल्याशिवाय तारीख बदलत नाही, पण विमानाच्या वेळापत्रकात ती रात्री बाराच्या ठोक्याला बदलते. पैसे अजून भरायचे होते म्हणून निभावलं. असा एखादा कागद अधूनमधून येतोच, आणि दर वेळी पैसे भरायचे राहिलेले नसतात.

काकांचा हिशोब तसा चोख होता. दोघांचं नागपूरपासून फ्रँकफर्टपर्यंत जाऊन-येऊन एकच सलग तिकीट १,६८,००० रुपये. मुंबईपासूनचं वेगळं आणि नागपूर–मुंबईचं वेगळं काढलं तर सगळे मिळून १,४२,०००. सव्वीस हजार वाचतात.

हे सव्वीस हजार कशाचे, ते आधी नीट समजून घ्या. सलग तिकिटात कंपनी तुम्हाला नागपूरहून थेट फ्रँकफर्टला पोचवायचं कबूल करते. पहिल्या विमानाला उशीर झाला आणि पुढचं चुकलं, तर पुढची सोय लावणं तिच्याकडे. सुटी, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेगवेगळी तिकिटं काढली की एक कंपनी मुंबईत तुम्हाला उतरवून मोकळी होते, दुसरीला तुम्ही कुठून आलात याच्याशी देणंघेणं नसतं, आणि मधला सांधा सांभाळायचं काम तुमच्या अंगावर येतं. सव्वीस हजार ही त्या कामाची मजुरी. कधी ती घसघशीत असते, कधी अगदीच थोडकी. कोणती ते ओळखायचं कसं, ते ओळीने सांगते.

पायरी १: आधी तिकिटं मोजा

सोपं वाटतं, पण बहुतेकांची चूक इथेच होते. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. पीएनआर हा सहा अक्षर-अंकांचा बुकिंगचा संकेत. तिकिटाचा नंबर वेगळा, तेरा आकडी, आणि त्याचे पहिले तीन आकडे तिकीट कोणत्या कंपनीने दिलं ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, २२० लुफ्तान्सा. एका पीएनआरमध्ये दोन वेगळी तिकिटं असू शकतात. उलट एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचे दोन पीएनआरही दिसतात. म्हणून नेहमी तेरा आकडी नंबर बघायचा. प्रवासी एक, सगळ्या टप्प्यांवर नंबर तोच, तर तिकीट सलग.

एक अपवाद लक्षात ठेवा. एका तिकिटात चारच कूपनं मावतात, म्हणजे चार उड्डाणं. पाचवं उड्डाण आलं की लगेच पुढचा क्रमांक जोडून मिळतो, शेवटचा आकडा एकाने वाढलेला. तो जोड-क्रमांक असतो, ते वेगळं तिकीट नाही. ते पाहून घाबरू नका. स्वस्त विमानसेवांच्या कागदावर पुष्कळदा तेरा आकडी नंबर नसतोच, नुसता पीएनआर असतो.

मोबाइलवर तिकीट काढताना खरी फसगत होते. साइट तुम्हाला नागपूर ते फ्रँकफर्ट असा एकच प्रवास दाखवते, किंमत एक, पैसे एकदाच. पण मध्ये कुठेतरी बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर' किंवा 'सामान घेऊन पुन्हा चेक-इन करा' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ साइटने सुटी तिकिटं एका दोऱ्यात ओवून तुमच्या हातात दिली आहेत. काही साइट्स 'आम्ही हमी देतो' असंही म्हणतात. ती हमी साइटची असते, विमान कंपनीची नव्हे. मध्यरात्री मुंबईच्या काउंटरवर साइटचा माणूस उभा नसतो.

पायरी २: भाडं अंतरावर नसतं, हे मान्य करा

एसटीचं तिकीट टप्प्यांवर असतं. नागपूर–वर्धा अधिक वर्धा–अमरावती केलं की बेरीज जवळपास जुळते. विमानाचं तसं नाही. प्रत्येक कंपनी दोन शहरांच्या जोडीसाठी भाडी जाहीर करते. नागपूर–फ्रँकफर्ट हे स्वतंत्र भाडं, मुंबई–फ्रँकफर्ट हे स्वतंत्र. ही भाडी आणि त्यांचे नियम अॅटपको नावाच्या सामाईक यंत्रणेतून आमच्या पडद्यावर येतात, आणि त्या नियमांचे क्रमांक ठरलेले असतात. ५ आगाऊ खरेदी, ६ कमीत कमी मुक्काम, ७ जास्तीत जास्त मुक्काम, ८ थांबा, १० जोडणी, १६ दंड. आम्हा तिकीटवाल्यांच्या तोंडी 'कॅटेगरी सोळा काय म्हणते बघ' हे वाक्य दिवसातून दहादा येतं.

तुमच्या कामाची यातली कॅटेगरी दहा. एकाच तिकिटावर दोन भाडी जोडायला परवानगी आहे का, आणि कुणाकुणाशी, ते ती सांगते. परवानगी असली तरी एक मेख असते: दोन भाडी एका तिकिटावर आली की दंडाच्या बाबतीत सहसा सगळ्यात कडक नियम पूर्ण तिकिटाला लागतो. जाताना सगळ्यात स्वस्त आणि येताना महाग, तारीख फुकट बदलता येणारं भाडं घेतलं, म्हणजे परतीची तारीख मोफत बदलेल असं लोक धरून चालतात. तसं होईलच असं नाही. त्या स्वस्त भाड्याचा दंड परतीलाही चिकटतो.

इथे सुट्या तिकिटांची बाजू भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सुटं तिकीट फक्त स्वतःच्या नियमाने चालतं, शेजारच्याचा कडकपणा त्याला लागत नाही. बाळंतपणासारख्या कामात परतीची तारीख हलणार हे उघड असतं. तिथे याचा उपयोग होतो.

पायरी ३: नियम वाचा, पण सगळे नको

भाड्याचे नियम दहा पानांचे असतात आणि वाचणाऱ्याला झोप येईल अशा बेताने लिहिलेले असतात. तुम्ही चारच गोष्टी शोधा.

पहिली, रद्द करण्याचा आणि तारीख बदलण्याचा दंड. तो तीन वेळांना तीन प्रकारचा असतो: निघण्याआधी, निघाल्यानंतर, आणि नो-शो, म्हणजे न कळवता गैरहजर. 'रिफंडेबल' हा शब्द दिसला म्हणून खूश होऊ नका. निघण्याआधी रिफंडेबल असलेलं भाडं नो-शो झाल्यावर शून्य होऊ शकतं.

दुसरी, कागदावरचे एनव्हीबी आणि एनव्हीए हे दोन रकाने. 'या तारखेआधी चालणार नाही' आणि 'या तारखेनंतर चालणार नाही' असा त्यांचा अर्थ. बहुतेक लोक या रकान्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. परतीच्या कूपनासमोर एनव्हीएची तारीख दोन महिन्यांची असेल आणि तुमचा मुक्काम अडीच महिन्यांचा, तर ते भाडं तुमच्यासाठी नाहीच.

तिसरी, सामानाचा रकाना. तिथे १५के, ३०के किंवा २पीसी असं काहीतरी असतं. के म्हणजे किलो, पीसी म्हणजे नग. याबद्दल पुढे सविस्तर, कारण काकांचा हिशोब तिथेच उलटला.

चौथी, फेअर बेसिस नावाचा तो अगम्य अक्षरांचा संकेत. त्याचं पहिलं अक्षर बहुधा बुकिंगचा वर्ग असतं. बाकीची अक्षरं ज्या त्या कंपनीची, त्यांचा अर्थ लावत बसू नका. फक्त संकेत उतरवून ठेवा. कंपनीला फोन केलात की 'माझ्या तिकिटाचा नियम काय' असं न विचारता 'या फेअर बेसिसला नो-शो दंड किती' असं विचारा. उत्तर देणाऱ्याचा आवाज बदलतो, अनुभव आहे.

आणि हक्काचे पैसे सोडू नका. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमाप्रमाणे तिकीट परत न मिळणारं असलं, अगदी नो-शो झालं, तरी सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क कंपनीने परत करायचं असतं. रद्द करण्याचा दंडही मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त लावता येत नाही. सुट्या तिकिटांच्या खेळात एखादं देशांतर्गत तिकीट वाया जातंच. त्यातले हे काहीशे रुपये कोणी मागत नाही, आणि न मागितलेलं कोणी आणून देत नाही.

पायरी ४: वेळेचं गणित उलटं मांडा

सलग तिकीट बनवताना संगणक प्रत्येक विमानतळाची 'किमान जोडवेळ' तपासतो. त्याहून कमी वेळ असेल तर तिकीट बनतच नाही. सुट्या तिकिटांना ही राखण नसते. दोन विमानांत वीस मिनिटं ठेवा, नाहीतर उणे साडेसोळा तास ठेवा, कोणी अडवत नाही.

म्हणून मागून मोजा. फ्रँकफर्टचं विमान ०२:४५ ला. आंतरराष्ट्रीय चेक-इन काउंटर उड्डाणाआधी तासभर ते सव्वा तास बंद होतो, म्हणजे दीडच्या सुमाराला. रांग, सामान, कागद तपासणी यांना दीड-दोन तास द्या. म्हणजे साडेअकराला तुम्ही मुंबई विमानतळाच्या सहारकडच्या टर्मिनल दोनच्या दारात हवेत. नागपूरचं विमान टर्मिनल एकला, विलेपार्ल्याच्या बाजूला उतरत असेल, तर दोन्हींत चार-पाच किलोमीटरचा रस्ता आहे. बॅग पट्ट्यावर यायला अर्धा तास, गाडी मिळायला आणि पोचायला पाऊण तास. पहिल्या विमानाला दोन तास उशीर होईल असं गृहीत धरा. मागे मागे येत तुम्ही रात्री आठच्या सुमाराला पोचता. नागपूरचं विमान आठपर्यंत मुंबईत टेकायला हवं, तेही ११ तारखेला.

साधा आडाखा: देशांतर्गत विमानातून आंतरराष्ट्रीयला जाताना सहा-सात तास. जून ते सप्टेंबर मुंबईतून आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात दिल्लीतून जायचं असेल तर सरळ आदल्या दिवशी पोचा. परत येताना चार-पाच तास पुरतात, कारण चुकलं तर चार-पाच हजारांचं तिकीट चुकतं आणि घर जवळ आलेलं असतं. रात्रीची दुरांतो आहे, समृद्धी महामार्ग आहे.

आणि तिकिटावर 'मुंबई' एवढं वाचून थांबू नका. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली आहेत. तिथे उतरून सहारहून उडायचं म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाणं, आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या रस्त्याचा भरवसा मी तरी देणार नाही. गोव्यात दाबोळी आणि मोपा, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्कला केनेडी आणि न्यूअर्क, सगळीकडे हीच तऱ्हा. शोधताना साइट 'सर्व विमानतळ' धरून स्वस्त जोडी काढते, आणि स्वस्त का, ते तीन अक्षरांच्या संकेतात दडलेलं असतं.

पायरी ५: सामान

काकूंना मी विचारलं, किती न्यायचंय? त्यांनी यादी सांगायला सुरुवात केली. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, मऊ सुती लंगोट, घरचं तूप, मेतकूट, दोन जुन्या साड्यांच्या शिवलेल्या गोधड्या. काका मध्येच म्हणाले, "ऐंशी किलो. मी वजनकाटा आणून मोजलंय."

आता बघा. मुंबई–फ्रँकफर्टच्या त्यांच्या तिकिटावर माणशी २पीसी होतं, प्रत्येकी २३ किलोचे दोन नग. दोघांचे ९२ किलो. ऐंशी आरामात बसतात. सलग तिकीट असतं तर हीच मर्यादा नागपूरपासून लागली असती. पण सुट्या नागपूर–मुंबई तिकिटावर लिहिलेलं होतं १५के. दोघांचे तीस. वरचे पन्नास किलो जादा. काउंटरवर जादा सामानाचा दर किलोला सहाशे रुपये धरा: तीस हजार. वाचवलेले सव्वीस हजार नागपूरच्या विमानतळावरच गेले, वर चार हजार खिशातून.

आधी ऑनलाइन वजन विकत घेतलं तर थोडं स्वस्त पडतं, पण पन्नास किलोची सूट काही मिळत नाही. परदेशातल्या स्वस्त विमानांचं तर विचारू नका. तिथे चेक-इनचं सामान मुळात शून्य असतं आणि हातातली पिशवीसुद्धा चौकटीत घालून मोजतात.

दुसरा प्रश्न सामान कुठपर्यंत जाईल हा. सलग तिकिटावर बॅगेला शेवटच्या ठिकाणाचा टॅग लागतो. सुट्या तिकिटांवर पहिली कंपनी पुढच्या कंपनीचा टॅग लावायला बांधील नसते, आणि बहुतेक जणी लावत नाहीत. दोघींचा आपसात करार असेल आणि काउंटरवरचा माणूस भला असेल तर दोन्ही तिकिटं दाखवून विनंती करून बघा. तो 'हो' म्हणाला तरी विसंबू नका. बॅगेला गुंडाळलेल्या पट्टीवरची मोठी तीन अक्षरं स्वतः वाचा. एफआरए असेल तर फ्रँकफर्ट, बीओएम असेल तर मुंबई. बीओएम असूनही 'बॅग पुढे जाईल' असं कोणी म्हणालं, तर ती जाणार नाही. ती मुंबईच्या पट्ट्यावर गोल फिरत राहील.

परदेशातून भारतात येताना मात्र सलग तिकीट असलं तरी पहिल्या भारतीय विमानतळावर साधारणपणे बॅग घेऊन कस्टममधून बाहेर यावं लागतं. अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर हेच. फरक एवढाच, की सलग तिकिटात कस्टमच्या पलीकडेच बॅग पुन्हा द्यायची सोय असते. सुट्यात गाडा ढकलत वर निर्गमनाच्या काउंटरपर्यंत जायचं आणि नव्याने रांगेत उभं राहायचं.

पायरी ६: व्हिसा, बॅगेसाठीसुद्धा

हे ऐकून लोक हसतात, पण भारतीय पासपोर्टवाल्यासाठी ही सगळ्यात महाग चूक आहे. एडिनबराला शिकायला निघालेला मुलगा घ्या. ब्रिटनचा व्हिसा हातात. मुंबई–फ्रँकफर्ट एक तिकीट, फ्रँकफर्ट–एडिनबरा दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट. फ्रँकफर्टला बॅग पट्ट्यावर येणार. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे. पलीकडे जायला शेंगेन व्हिसा हवा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा. तो नाही. खरं म्हणजे गोष्ट तिथपर्यंत जातच नाही. मुंबईच्या काउंटरवरच त्याला थांबवतात, कारण पहिल्या कंपनीच्या दृष्टीने तो फ्रँकफर्टला निघालेला माणूस आहे आणि फ्रँकफर्टला उतरायचा कागद त्याच्याकडे नाही. हाच मुलगा सलग तिकिटावर असता, तर बॅग परस्पर गेली असती आणि तो ट्रान्झिटच्या, म्हणजे इमिग्रेशनच्या अलीकडच्या हद्दीतच राहिला असता. ट्रान्झिटचे नियमही देशागणिक वेगळे असतात आणि बदलत राहतात, म्हणून ते दूतावासाच्या साइटवर बघायचेच. सुट्या तिकिटांत प्रश्न ट्रान्झिटचा उरत नाही, त्या देशात शिरण्याचा होतो.

दुबई, दोहा, सिंगापूर, कुठेही हेच सूत्र. मधल्या शहरात बॅग घ्यावी लागणार असेल, तर त्या देशाचा प्रवेश तुमच्याकडे हवा. काका-काकूंना ही अडचण नव्हती. त्यांचा सांधा मुंबईत होता. सुट्या तिकिटांचा जोड स्वतःच्या देशात ठेवणं हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

पायरी ७: चुकलंच तर

मी या धंद्यात सहा महिन्यांची असतानाची गोष्ट. नागपूर–मुंबई–सिंगापूर असं माझं स्वतःचं सलग तिकीट होतं. आदल्या दिवशी पुण्यात मावसबहिणीचं लग्न निघालं. मी म्हटलं, नागपूरला परत कशाला जायचं, पुण्याहून गाडीने मुंबई गाठू, तिथून विमानात बसू. पैसे तर भरलेलेच आहेत. मुंबईच्या काउंटरवरच्या मुलीने दोनदा नाव टाइप केलं, मग पडदा माझ्याकडे वळवला. चारही टप्प्यांपुढे रद्दची खूण. नागपूरला मी चढले नाही, तेवढ्यावर पुढची सगळी कूपनं गेली होती, परतीचीसुद्धा. नवीन तिकीट काढून गेले आणि पुढे वर्षभर कोणाला सांगितलं नाही.

नियम असा: एका तिकिटातली कूपनं क्रमानेच वापरायची. पहिलं चुकवलं की पुढची मरतात. सुट्या तिकिटांत एकाचं मरण दुसऱ्याला लागत नाही, नागपूरचं तिकीट सोडून रेल्वेने गेलात तरी फ्रँकफर्टचं जिवंत. पण फ्रँकफर्टला जाण्याचं कूपन नो-शो झालं तर त्याच तिकिटावरचं परतीचं जातं, आणि नुकसान तिथे असतं.

म्हणून नागपूरच्या विमानाला उशीर होतोय असं दिसताक्षणी, गेटवर बसल्या बसल्या, दुसऱ्या कंपनीला फोन लावा. विमान उडायच्या आधी तारीख बदलली तर बदलाचा दंड आणि भाड्यातला फरक. उडाल्यानंतर नो-शो. या दोन्हींतलं अंतर कधी कधी पन्नास हजारांचं असतं. हे काम मुंबईला उतरल्यावर करू म्हणणाऱ्यांची विमानं ते आकाशात असतानाच उडून जातात.

कायद्याचा आधार कितपत? भारतात विमान रद्द झाल्यामुळे पुढचं चुकलं, तर डीजीसीएचा नियम 'त्याच तिकीट नंबरवरच्या' पुढच्या उड्डाणाचा विचार करतो. सुटं असेल तर पहिली कंपनी तिच्या टप्प्यापुरतीच. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा त्या टप्प्याचे पैसे परत मागता येतात, पण फ्रँकफर्टचं काही नाही. युरोपातही हाच धडा आहे. तिथून निघालेल्या प्रवाशाला शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असलं, तर अंतरानुसार ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते. अट अशी, की सगळे टप्पे एकाच बुकिंगमधले हवेत. यात एक बारकावा: २०२२ साली युरोपीय न्यायालयाने स्टुटगार्ट ते कॅन्सस सिटी प्रवासाच्या खटल्यात सांगितलं, की ट्रॅव्हल एजन्सीने दोन कंपन्यांची उड्डाणं एकत्र करून एका किमतीत एक तिकीट दिलं असेल, तर कंपन्यांचा आपसात संबंध नसला तरी तो एकच प्रवास. म्हणून पावती जपून ठेवा. एकच रक्कम आणि एकच तिकीट नंबर दाखवणारा कागद पुढे उपयोगी पडू शकतो.

विमा घेणार असाल तर पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' हा शब्द नुसता पाहू नका. त्याखालची व्याख्या वाचा. स्वतः जोडलेली तिकिटं बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असतात.

जाता जाता, 'शेवटचा टप्पा सोडून मध्येच उतरलं तर स्वस्त पडतं' ही युक्ती कोणीतरी सांगेलच. सिएटल–फ्रँकफर्ट–ओस्लो तिकिटावरचा एक प्रवासी फ्रँकफर्टलाच उतरून वेगळ्या तिकिटाने बर्लिनला गेला. लुफ्तान्साने त्याच्यावर २,११२ युरोंचा दावा लावला. बर्लिनच्या कोर्टाने २०१८ च्या डिसेंबरात तो फेटाळला. प्रवासी जिंकला खरा, पण कोर्टात जावं लागलंच ना. शिवाय चेक-इनची बॅग असेल तर ती ओस्लोलाच जाते.

पायरी ८: कागदावर हिशोब

वाचणाऱ्या रकमेखाली ओळीने लिहा: जादा सामान, मधल्या शहरातला मुक्काम आणि गाडी, लागलाच तर व्हिसा, आणि विमान चुकलं तर तारीख बदलायचा दंड. उरलेली रक्कम तुमच्या दगदगीला पुरेशी वाटली तर खुशाल सुटी तिकिटं काढा. हातात एकच पिशवी असलेला पंचविशीतला मुलगा काढतोच, आणि त्याचं बरोबर असतं. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या, इंग्रजी फोनवर बोलायला बिचकणाऱ्या माणसांसाठी मी शक्यतो सलग तिकीटच काढते, माझं कमिशन कमी झालं तरी.

काकांनी कागदावर सगळं मांडलं, तीस हजारांच्या आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि गप्प बसले. मग काकूच म्हणाल्या, "मुंबईपासूनचं तिकीट तेच ठेवा. पण नागपूरहून विमानच का हवं?"

रेल्वेत टू-टियर एसीला माणशी पन्नास किलो सामान फुकट नेता येतं. दोघांचं शंभर. दुरांतो रात्री नागपूरहून सुटून सकाळी मुंबईला पोचते. मुलुंडला काकूंची बहीण राहते. दहाच्या रात्री गाडीत बसायचं, अकराचा दिवस मुलुंडला काढायचा, रात्री दहाला सहारला निघायचं, बाराच्या पहाटे विमान. गाडीला अगदी आठ तास उशीर झाला तरी चालतं. दुरांतोची दोन आणि मुंबई–फ्रँकफर्टची दोन अशी तिकिटं मी काढून दिली, आणि काकांनी कॅलेंडरवर ११ तारखेला लाल पेनाने 'रात्री निघणे' असं लिहून घेतलं. काकूंच्या यादीत तोवर जायफळ आणि वेखंड वाढलं होतं.